दोन फलाटांमधला पूल

मुंबईकराला राहण्याचे ठिकाण विचारले, तर तो आधी स्थानकाचे नाव सांगतो आणि मग त्याला ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ एवढे जोडतो. रूळ ही या शहराची मोजपट्टी आहे. या शहराच्या बोलीत एक छोटे वाक्य पिढ्यानपिढ्या रुजले आहे : ‘दादरला बदलायचे.’ काय बदलायचे, हे कोणी विचारीत नाही. वसईहून पहाटेच्या गाडीने सोनचाफ्याच्या करंड्या घेऊन निघणारी मावशी, भायखळ्याला शिकायला जाणारा विद्यार्थी, परळच्या रुग्णालयात आप्ताला डबा नेणारा भाऊ, या सर्वांना हे वाक्य पाठ असते.

रेल्वेचा इतिहास सांगताना आपण सहसा इंजिनांचा, मैलांचा आणि उद्घाटनांचा इतिहास सांगतो. या लेखात आम्ही निराळी वाट धरणार आहोत. दोन मार्ग जेथे एकमेकांना भेटतात आणि जेथे माणूस एका गाडीतून उतरून पायी दुसरीकडे जातो, त्या स्थानकांकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. कारण मुंबईत नवा लोहमार्ग आला, की त्याचा भार प्रथम या स्थानकांच्या जिन्यांवर आणि पुलांवर पडला. आणि त्या जिन्यांचा व पुलांचा विचार मात्र नेहमी सर्वांत शेवटी झाला.

दोन कंपन्या, एक दादर

मुंबईत पहिली प्रवासी आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरांच्या अंतरात. ही गाडी ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ कंपनीची, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या ‘जीआयपी’ची. त्यानंतर अकरा वर्षांनी, नोव्हेंबर १८६४ मध्ये, ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया’ कंपनीचा मार्ग गुजरातेतून वसईची खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. हीच ‘बीबीसीआय’. एकीचे तोंड घाटावर दख्खनकडे, तर दुसरीचे गुजरातकडे. दोघींची नजर मुख्यतः बंदराकडे येणाऱ्या कापसावर होती. त्यांचे भागधारक वेगळे, कचेऱ्या वेगळ्या, तिकिटेही वेगळी.

आमच्या वसई भागाच्या दृष्टीने १२ एप्रिल १८६७ ही तारीख अधिक जिव्हाळ्याची आहे. त्या दिवसापासून विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोज एक गाडी जाऊ लागली व एक परत येऊ लागली. त्या काळच्या वेळापत्रकातली नावे आज वाचताना गंमत वाटते. वसई म्हणजे ‘बसीन’, गोरेगावच्या जागी ‘पहाडी’, अंधेरी म्हणजे ‘अंदारू’, आणि वांद्रे म्हणजे ‘बांदोरा’. दिवसाला एक जाणारी आणि एक येणारी गाडी! आज विरारच्या फलाटावर दोन गाड्यांमध्ये काही मिनिटे अधिक गेली, तरी आपण घड्याळाकडे पाहू लागतो.

आता या दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांजवळ का आले, ते पाहिले पाहिजे. मुंबईचे बेट लांबट आणि अरुंद. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजणे आणि मिठागरे. उत्तरेकडून येणाऱ्या दोन्ही मार्गांना परळ-दादरच्या चिंचोळ्या पट्ट्यातून शेजारी शेजारी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. दादरला दोघींनीही आपापले स्थानक बांधले. म्हणजे आज ज्याला आपण ‘दादर स्थानक’ म्हणतो, ते एक स्थानक म्हणून जन्माला आलेच नाही. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाठ करून बांधलेली ती दोन घरे होती. प्रवाशांनी त्यांना एकत्र आणले, कंपन्यांनी नव्हे.

१८९६ च्या प्लेगानंतर शहर सुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दादर-माटुंग्याच्या वाड्या व शेते यांच्या जागी आखीव वसाहती उभ्या राहू लागल्या. दादरला मराठी मध्यमवर्ग आला, पारशी आले, आणि ‘पोर्तुगीज चर्च’ या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या तारणमातेच्या मंदिराभोवती आपलाही समाज वाढला. स्थानकाच्या पश्चिमेला फुलांचा आणि भाजीचा बाजार भरू लागला. १९२८ साली ५ जानेवारीला कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या. गाड्या वाढल्या, तशी माणसेही वाढली. स्वातंत्र्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, जीआयपीची मध्य रेल्वे झाली आणि बीबीसीआयची पश्चिम रेल्वे. दोन्ही भारत सरकारच्या. धनी एक झाला, पण दोन घरांची मांडणी तशीच राहिली.

या वेगळेपणाची एक खूण अगदी परवापरवापर्यंत टिकून होती. दादरला दोन्ही रेल्वे आपापले फलाट ‘एक’पासून मोजत. ‘दादरला एक नंबरवर भेटू’ असे ठरवून दोघे दोन वेगळ्या फलाटांवर उभे राहिले, असा अनुभव नसलेले घर विरळा. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक लागले. गोष्ट साधी, खर्च काही पाट्यांचा. पण दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना एकाच ओळीत मोजायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

बंदराचा मार्ग आणि बुधवारचे माहीम

दादरच्या पाठोपाठ कुर्ल्याचे भाग्य पालटले ते बंदरामुळे. पूर्व किनाऱ्यावर गोद्या वाढल्या आणि १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ला ते रे रोड असा नवा मार्ग सुरू झाला. हीच पुढची ‘हार्बर लाइन’. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती याच मार्गावर. दाट वस्तीतून जमिनीवर रूळ नेणे शक्य नव्हते, म्हणून सँडहर्स्ट रोडपाशी हा मार्ग उंच खांबांवरून नेला. खाली मुख्य मार्ग आणि वर हार्बर, असे दुमजली स्थानक त्यातून तयार झाले.

वडाळ्याजवळ या मार्गाला फाटा फुटला. एक शाखा कुर्ल्याकडे गेली, दुसरी माहीम-वांद्र्याकडे. या दुसऱ्या शाखेने आपल्या समाजाच्या जीवनात काय केले, हे पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये माहीमच्या पवित्र मिखाएलच्या मंदिरात सदासाहाय्य मातेचा नोव्हेना सुरू झाला आणि दर बुधवारी तेथे भाविकांची रीघ लागली. विरार-वसईहून येणारे पश्चिम रेल्वेने येत. माझगाव, शिवडी आणि वडाळ्याचे हार्बरने. माहीमच्या एकाच पुलावर दोन्हीकडचे लोक भेटत. त्यांत ख्रिस्ती असत, तसेच हिंदू, मुसलमान आणि पारशीही असत. रेल्वेच्या दप्तरी माहीम हे छोटे स्थानक; पण बुधवारी ते साऱ्या शहराचे संगमस्थान होई, आणि आजही होते. सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावरील मातेच्या यात्रेत हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडते. येथेही एक गोष्ट ध्यानात येते. जोडस्थानक मोठे होते ते त्याच्यापाशी किती रूळ येतात यावरून नव्हे, तर माणसे तेथे कोणत्या ओढीने उतरतात यावरून.

विसरलेला रूळ

मुंबईचे सारे मार्ग उत्तर-दक्षिण धावतात. शेतातल्या नांगराच्या तासांप्रमाणे ते शेजारी शेजारी जातात, पण एकमेकांना आडवे क्वचितच भेटतात. घाटकोपरच्या माणसाला अंधेरीला जायचे, तर पक्ष्याच्या वाटेने अंतर फार नाही. परंतु रेल्वेने जायचे, तर आधी दक्षिणेला दादरपर्यंत उतरायचे, पूल ओलांडायचा आणि पुन्हा तितकेच उत्तरेला चढायचे. दादरच्या पुलांवरील गर्दीचे मोठे कारण हे आहे. त्या गर्दीत दादरला काम असलेले जितके, तितकेच दादरशी काही देणेघेणे नसलेलेही.

हे दुखणे पूर्वी कोणाच्या ध्यानात आले नव्हते, असे नाही. १९२८ साली अंधेरीहून कुर्ल्यामार्गे ट्रॉम्बेपर्यंत जाणारा सुमारे १३ किलोमीटरांचा एक आडवा मार्ग सुरू झाला होता. ‘साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे’ या नावाने तो ओळखला जाई, आणि जीआयपी तो चालवी. सहार आणि कोलेकल्याण या भागांतून, म्हणजे आपल्या ईस्ट इंडियन बांधवांच्या जुन्या गावठाणांजवळून, तो जाई. त्या काळी तो भाग शेतीचा. प्रवासी थोडे, उत्पन्न त्याहून थोडे. १९३४ साली मार्ग बंद झाला आणि रूळ उखडले गेले. पुढे त्या पट्ट्यातील काही जागा विमानतळाखाली गेली.

सहा वर्षांत बंद पडलेल्या या मार्गाची आठवण आज फार थोड्यांना आहे. पण तो टिकला असता, तर अंधेरी आणि कुर्ला ही जोडस्थानके त्या काळातच झाली असती, आणि दादरचा भार बराच हलका झाला असता. आज तोट्यात दिसणारी वाट उद्याची गरज असू शकते, हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

अंधेरीला आडवा मार्ग पुन्हा मिळाला तो बरोबर ऐंशी वर्षांनी. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर अशी शहरातली पहिली मेट्रो सुरू झाली. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानके १२. चकाला आणि मरोळच्या डोक्यावरून ती घाटकोपरला पोहोचते. रस्त्याने तास-दीड तास घेणारा प्रवास वीस-बावीस मिनिटांवर आला. तोवर घाटकोपर हे मध्य रेल्वेवरील एक साधे उपनगरी स्थानक होते. एका दिवसात ते शहराच्या दोन अंगांना जोडणारे दार झाले. अंधेरीला हार्बर, पश्चिम रेल्वे आणि मेट्रो अशा तिन्हींचा मेळ पडला. दादरकडे वाहणारा लोंढा काही अंशी वळला. परंतु तो नाहीसा झाला नाही, घाटकोपरच्या जिन्यांवर आला. पाण्याप्रमाणे माणसांचा लोंढाही नवी वाट मिळताच तिकडे धावतो, आणि ती वाट अरुंद असेल, तर तेथे तुंबतो.

खाडीपलीकडे आणि वसईकडे

मधल्या काळात शहर खाडी ओलांडून गेले होते. ९ मे १९९२ रोजी ठाण्याच्या खाडीवरील पुलावरून मानखुर्द-वाशी मार्ग सुरू झाला. १९९८ पर्यंत गाडी पनवेलला पोहोचली. नव्या मुंबईतून दादर-परळकडे येणारा प्रत्येक जण कुर्ल्याला उतरून गाडी बदलू लागला. गिरण्या आणि रेल्वेच्या कारखान्यांचे कुर्ला अशा रीतीने एका नव्या शहराची वेस झाले. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्ग झाला, आणि कुर्ल्याचा काही भार ठाण्याने उचलला. १८५३ साली पहिल्या गाडीचे शेवटचे स्थानक असलेले ठाणे आता स्वतःच अनेक वाटांचे नाके झाले आहे.

वसई रोडचीही कथा याच माळेतली. वसईचा किल्ला आणि जुने गाव यांपासून दूर, माणिकपूर-नवघरच्या शिवारात हे स्थानक उभे राहिले. शतकभर ते एकाच मार्गावरचे स्थानक होते. १९८० च्या दशकात दिव्याकडून येणारा मार्ग त्याला मिळाला, प्रथम मालगाड्यांसाठी. १९९० च्या दशकात त्यावर प्रवासी गाड्या धावू लागल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर गुजरातेतून कोकण-गोव्याकडे जाणाऱ्या गाड्यांनाही हीच वाट मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनसहून वसईमार्गे मडगावची गाडी सुरू झाली. पश्चिम उपनगरांतल्या आपल्या गोवेकर कुटुंबांना गावी जाताना सामानसुमान घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या टर्मिनसवर जावे लागे. आता त्यांतल्या काहींना तरी तो फेरा चुकला आहे.

२९ सप्टेंबर

आता आम्ही या इतिहासाच्या सर्वांत दुःखद पानाकडे येतो.

दादरच्या दक्षिणेला परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानके अशीच शेजारी शेजारी उभी आहेत. पहिले मध्य रेल्वेचे, दुसरे पश्चिम रेल्वेचे. हा गिरणगावाचा मुलूख. गिरणीचा कामगार चाळीत राहायचा आणि भोंगा झाला, की पायीच कामावर जायचा. त्यामुळे या स्थानकांचे फलाट व पूल बेताच्या वर्दळीसाठी बांधलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्याच मिटत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीने आणि २००१ मध्ये तिच्यात झालेल्या बदलाने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या आणि त्यांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या.

भोंगा बंद झाला. त्याच्या जागी दूरच्या उपनगरांतून येणारा नोकरदार आला. कोणी कल्याणचा, कोणी पनवेलचा, कोणी नालासोपाऱ्याचा. चाळीतून पायी येणारा कामगार गेला, आणि दोन गाड्या बदलून येणारी हजारो माणसे दोन स्थानकांना जोडणाऱ्या त्याच जुन्या, अरुंद पुलावर आली. मोठा पूल हवा, अशी मागणी प्रवासी आणि लोकप्रतिनिधी करीत होते. कागदावर मंजुरीही होती.

२९ सप्टेंबर २०१७. दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी कामाच्या वेळी जोराचा पाऊस आला. गाड्यांतून उतरलेले लोक पाऊस थांबेपर्यंत पुलाच्या जिन्यावर आडोशाला थांबले. मागून गाड्या येतच राहिल्या आणि माणसे वर चढतच राहिली. कोणाच्या तरी डोक्यावरचा फुलांचा भारा पडला, ‘फूल’ पडल्याची हाक ‘पूल’ पडल्याची म्हणून ऐकली गेली आणि घबराट झाली, असे बचावलेल्यांनी सांगितल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांत आले. कारण काहीही असो, त्या जिन्यावर चेंगरून २३ माणसे मृत्यू पावली. पूल पडला नव्हता. तो जसाच्या तसा उभा होता. तो केवळ अरुंद होता.

आपल्या उपासनेच्या पंचांगात २९ सप्टेंबर हा प्रमुख देवदूत मिखाएल, गब्रिएल आणि राफाएल यांचा सण. माहीमचे आणि आमच्या माणिकपूरचे, अशी दोन्ही मंदिरे पवित्र मिखाएलच्या नावाची. आणि राफाएल तर तोबियासला वाटेत सोबत करणारा, प्रवाशांचा पाठीराखा. त्या दिवसापासून हा सण आला, की आम्हांला परळचा जिना आठवल्यावाचून राहत नाही. दादरला फुले घेऊन जाणाऱ्या आपल्या घरच्या बायका, मुली आणि भाऊ अशाच एखाद्या पुलावर रोज उभे असतात, ही जाणीव त्या स्मरणात मिसळलेली असते.

दुर्घटनेनंतर मात्र चक्रे फिरली. लष्कराच्या अभियंत्यांना पाचारण केले गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, तेथे नवा पादचारी पूल खुला झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. पाच महिन्यांत होऊ शकणारे काम त्यापूर्वी का झाले नाही, हा प्रश्न तेवढा उरला. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, आणि मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल पडून पुन्हा जीव गेले. परळचा पूल अरुंद म्हणून घातक ठरला, हे दोन जीर्ण म्हणून. पण मूळ एकच. रूळ आणि गाडी यांची काळजी घेणारी व्यवस्था पायी चालणाऱ्यापाशी येऊन थांबत होती.

अखेरचा सांधा

ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो आरे ते कफ परेड अशी पूर्ण झाली, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानके. या मार्गाने एक फार जुनी उणीव भरून काढली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि चर्चगेट ही मध्य व पश्चिम रेल्वेची दोन टोके. दोहोंमधले अंतर चालत जाण्याजोगे. तरी त्यांना जोडणारा रूळ कधीच नव्हता. एका रेल्वेने येऊन दुसरीकडे जाणारे पिढ्यानपिढ्या ते अंतर पायी किंवा बसने तोडीत. आता ही दोन्ही टोके एका मार्गावर आली आहेत, आणि भुयारी मार्ग आखताना तरी जुन्या स्थानकांपर्यंत माणूस कसा पोहोचेल, याचा विचार आराखड्यात झाला, ही समाधानाची बाब आहे.

पोपमहोदयांच्या पदव्यांत ‘पोंटिफेक्स’ हा एक प्राचीन लॅटिन शब्द आहे. त्याचा शब्दशः अर्थ पूल बांधणारा. प्राचीन रोमने हा शब्द आपल्या श्रेष्ठ पुरोहिताला दिला होता आणि ख्रिस्तसभेने तो पुढे चालविला. दोन तीरांना जोडणे हे पवित्र काम आहे, अशी त्यामागची समजूत. मुंबईच्या रेल्वेचा इतिहास वाचताना आम्हांला हा शब्द वारंवार आठवला. दोन कंपन्यांनी रूळ घातले, सरकारांनी ते वाढविले, त्यांवर कोट्यवधी रुपये वेचले; पण त्या रुळांच्या मधल्या चार-सहा मीटर रुंदीच्या पुलावर शहराची खरी परीक्षा झाली, आणि तेथे शहर एकदा नापास झाले.

म्हणून नव्या मार्गाचे उद्घाटन होईल, तेव्हा आपण गाडीच्या वेगाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : उतरणारा माणूस पुढे कोणत्या जिन्याने जाणार आहे? हा प्रश्न विचारणे आपल्या धर्मग्रामातल्या प्रत्येकाचे नागरी कर्तव्य आहे. कारण त्या जिन्यावर उद्या पहाटे, करंडी डोक्यावर घेऊन, आपल्यातलेच कोणीतरी असेल.